रुईवरचा कडवा, घोळीवरचा तोतया: फुलपाखरांचे वेश कोण ठरवतं?

रुईचं पान खुडलं की पांढरा चीक टपकतो, आणि लहानपणी प्रत्येकाला त्यावरून दम मिळालेला असतो: हात धू, डोळ्याला लावू नको. शनिवारी मारुतीला घालायची माळ सोडली तर रुईकडे कुणी फारसं वळून बघत नाही. पण श्रावणात, कानबाईचे रोट आटोपल्यावर, तापीकाठच्या एखाद्या वावराच्या बांधावरची रुई थोडी वाकून बघा. पानाच्या खालच्या अंगाला एखादी अळी हमखास सापडते. अंगभर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर शिंगांसारख्या काळ्या दोऱ्यांच्या तीन जोड्या. ही अळी लपत नाही. आधी ती पानाची शीर कुरतडून चिकाची वाट तोडते आणि मग पुढचा भाग निवांत खाते. तरीही चिकातली विषारी द्रव्यं थोडीफार तिच्या पोटात जातातच. कार्डिनोलाइड नावाची ही द्रव्यं हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. त्यांतली काही ती अंगात साठवते, आणि अळीचा कोष, कोषाचं फुलपाखरू झालं तरी ती शिदोरी सुटत नाही.

या अळीचं फुलपाखरू म्हणजे प्लेन टायगर, मराठीत बिबळ्या कडवा. नाव चपखल आहे: केशरी पंख, काळी टोकं, त्या काळ्यावर पांढरे ठिपके, आणि चव कडू. तो उडतो तेही अगदी रमतगमत, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या पंखांवर एकाच जागी, एकाच मापाचा तुकडा उडालेला दिसतो. पंख मिटलेले असताना पक्ष्यानं चोच घातली आणि चव कळताच सोडून दिलं, असा त्याचा सरळ अर्थ. कडव्याचं अंग चामड्यासारखं चिवट असतं. एवढ्या झटक्यानं तो मरत नाही.

पक्षी खरोखर शिकतात का, हा प्रश्न अमेरिकेत लिंकन ब्राउवर यांनी १९६०च्या दशकात प्रयोगानं सोडवला. कडव्याच्याच कुळातलं मोनार्क हे फुलपाखरू त्यांनी पिंजऱ्यातल्या ‘ब्लू जे’ नावाच्या पक्ष्यांना खाऊ घातलं. पक्ष्यांनी आधी आवडीनं खाल्लं आणि थोड्या वेळानं ओकून टाकलं. त्यानंतर तसं केशरी-काळं फुलपाखरू समोर धरलं तरी ते तोंड फिरवत. एकाच ओकारीत धडा पक्का.

आता नजर बांधावरून खाली, पायाजवळ आणा. तिथे घोळ पसरलेली असते. तीच घोळ, जिची भाजी आपण कळण्याच्या भाकरीबरोबर खातो. तिच्या लालसर देठांवर काळपट, काटेरी अळ्या असतात. घोळीत विष नाही, म्हणून या अळीच्या अंगातही नाही. तिचं फुलपाखरू डॅनेड एगफ्लाय. नर काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके आणि त्यांना जांभळी झाक. मादी मात्र पाहिली की माणूस गोंधळतो, कारण ती हुबेहूब बिबळ्या कडवा आहे. तेच केशरी पंख, तीच काळी टोकं, तेच पांढरे ठिपके, चालही तीच संथ. खायला पूर्ण चविष्ट असलेलं हे फुलपाखरू कडूपणाचा वेश घेऊन वावरतं.

अशा नकलेला बेट्सची नक्कल म्हणतात. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं अ‍ॅमेझॉनच्या जंगलात राहिला. गोळा केलेली फुलपाखरं पेटीत मांडताना त्याच्या लक्षात आलं की वरून अगदी सारखी दिसणारी काही फुलपाखरं पंखांच्या शिरांवरून आणि पायांवरून पाहिली तर वेगवेगळ्या कुळांतली निघतात. १८६२ साली त्यानं याचं कारण छापून मांडलं: कडू जातीसारखं दिसणारं गोड फुलपाखरू पक्ष्याच्या तावडीतून सुटतं, त्याची पिल्लावळ वाढते, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे साम्य घासूनपुसून अधिक नेटकं होत जातं. डार्विनचं नैसर्गिक निवडीचं पुस्तक येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. निवड प्रत्यक्षात कशी काम करते याचा हा पहिल्या काही ठळक पुराव्यांपैकी एक ठरला.

या नकलेचे नियम समजायला मला आपल्याकडचे बहुरूपी, रायरंद, फार उपयोगी पडतात. फौजदाराच्या वेशात बहुरूपी दारात आला की पोरं घरात पळायची, कारण खरा फौजदार त्यांनी पाहिलेला असायचा. ज्या पाड्यावर फौजदाराचं पाऊल कधी पडलंच नाही, तिथे खाकी कपड्याला कोण घाबरणार? आणि समजा गावात रोज दहा बहुरूपी आले आणि खरा फौजदार वर्षातून एकदाच फिरकला, तर आठवडाभरात खाकीची भीडच चेपते. फुलपाखरांच्या बाबतीतही हे दोन नियम तंतोतंत लागू आहेत. मूळ कडू जात त्याच भागात असली पाहिजे, आणि तोतये तिच्या मानानं थोडेच असले पाहिजेत.

पहिल्या नियमाचा दाखला आपल्या अंगणात आहे. कढीपत्त्याच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी छोटी अळी असते. तिचं पुढे कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू होतं. याचा नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्यांचे मात्र तीन वेश. एक नरासारखाच. दुसरा कॉमन रोज या विषारी फुलपाखरासारखा, काळ्या पंखांवर मध्यभागी पांढरा डाग आणि कडेला लाल चंद्रकोरी. तिसरा क्रिमझन रोजसारखा, पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागे लाल ठिपके. ही दोन्ही रोज फुलपाखरं ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पतींवर वाढतात. काळ्या मातीच्या वावरात उगवणारी उग्र वासाची किडामार ही त्याच कुळातली. जुने शेतकरी गुरांच्या जखमेत किडे पडले की तिचा रस लावत. तेच विष या फुलपाखरांच्या अंगात मुरलेलं असतं.

क्रिमझन रोज मुख्यतः भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळतं, आणि त्याच्या वेशातली मॉरमॉन मादीही इथेच दिसते. थायलंडकडे मॉरमॉन भरपूर आहे, पण तिथे क्रिमझन रोज नाही, म्हणून तो तिसरा वेशही नाही. जपानच्या दक्षिणेकडे मियाको नावाचं बेट आहे. तिथे कॉमन रोज नव्यानं येऊन स्थिरावलं, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या वेशातल्या मॉरमॉन माद्यांचं प्रमाण वाढत गेलं. खरा फौजदार आला तसा बहुरूप्याचा वेश चालू लागला. हा वेश ठरतो कसा, तेही आता माहीत आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे अमेरिकेतले सहकारी यांनी २०१४ साली दाखवून दिलं की मादी कोणत्या वेशात जन्मणार हे ‘डबलसेक्स’ नावाचं एकच जनुक ठरवतं. कीटकांमध्ये नर-मादीचा फरक घडवणारं हे मूळचं जनुक. त्याच्यावर वेशाचीही जबाबदारी आली.

नक्कल बहुतेक वेळा माद्याच का करतात, हे मला अनेकदा विचारलं जातं. अंड्यांनी जड झालेली मादी हळू उडते आणि योग्य झाड शोधत जमिनीलगत फिरते, त्यामुळे पक्ष्याच्या तडाख्यात ती आधी सापडते. नराला आपला मूळ रंग सोडून चालत नाही, कारण मादी आणि दुसरे नर त्याला त्या रंगावरून ओळखतात. नर-मादीच्या गरजा अशा वेगळ्या पडल्या की वेशही वेगळे पडतात.

आता खरा पेच. बेट्सच्या वेळीच लक्षात आलं होतं की काही कडू जाती एकमेकींसारख्याही दिसतात. ज्याला स्वतःचं विष आहे त्यानं दुसऱ्याचा वेश कशाला घ्यावा? याचं उत्तर ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या फ्रिट्झ म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञानं १८७९ मध्ये गणित मांडून दिलं. समजा एखाद्या शिवारातल्या नव्या पक्ष्यांना धडा शिकायला शंभर कडू फुलपाखरं मारावी लागतात. दोन जातींचे वेश वेगळे असतील तर प्रत्येकीला शंभर जीव द्यावे लागतील. वेश एकच असेल तर शंभराचा भार दोघींत वाटला जाईल. इथे फसवाफसवी कुठेच नाही. वर्गणी काढून पक्ष्यांची शाळा चालवावी, तसं हे आहे. एकाच वेशात वावरणाऱ्या अशा जातींच्या गटाला शास्त्रज्ञ मिमिक्री रिंग म्हणतात. मी इथे त्याला मेळा म्हणतो. गणपतीत एकसारख्या पोशाखातले मेळे निघायचे, तसे.

पण म्यूलरचं गणित शेवटपर्यंत नेलं तर एका भागातल्या झाडून सगळ्या कडू फुलपाखरांचा एकच मेळा व्हायला हवा. जितके जास्त भागीदार, तितकी वर्गणी कमी. प्रत्यक्षात मात्र तसं दिसत नाही. आपल्याच भागात बघा ना. केशरी मेळ्यात प्लेन टायगर आणि काळ्या शिरांचं स्ट्राइप्ड टायगर. काळ्यावर फिक्या निळ्या रेघांचं ब्लू टायगर वेगळं. तपकिरी-काळं कॉमन क्रो वेगळं, आणि त्याची तोतया ग्रेट एगफ्लायची मादी. काळ्या-लाल रोज मंडळींचा चौथा मेळा, मॉरमॉनच्या माद्यांसह. हे सगळे एका तालुक्यात, कधी कधी एकाच घाणेरीच्या झुडपावर दिसतात. मग सगळ्यांचा मिळून एकच पोशाख का झाला नाही?

गेल्या काही दशकांत हाती आलेलं उत्तर मला फार समाधान देतं, कारण ते जंगलात जाऊन, मोजून काढलेलं आहे. तालुका आपल्याला एक दिसतो. फुलपाखराला तो एक नसतो. जमिनीपासून हातभर उंचीवरचं जग वेगळं, झाडाच्या शेंड्याचं वेगळं, ओढ्याच्या घळीतलं वेगळं, टेकाडावरचं वेगळं. प्रत्येक थरात उजेड वेगळा आणि पक्षीही वेगळे.

उजेडाचं आधी सांगतो. जॉन एंडलर यांनी १९९३ मध्ये जंगलातल्या प्रकाशाची मोजदाद मांडली. दाट छत्राखालचा उजेड हिरवट असतो. विरळ झाडीतल्या सावलीत वरून निळं आकाश डोकावतं, म्हणून तिथला उजेड निळसर. पानांच्या फटीतून कवडसा पडतो तो पिवळट-तांबूस. उघड्यावर सगळे रंग असतात. त्यामुळे एकच केशरी पंख उघड्या माळावर दुरून पेटलेला दिसतो आणि गर्द सावलीत विझल्यासारखा. इशारा देणाऱ्याचा रंग दिसलाच नाही तर इशारा वाया जातो.

हे पडताळून पाहायचं असेल तर आषाढ संपता संपता पाल गावाकडून सातपुड्यात शिरा. वाटेवरच्या मोकळ्या रानात प्लेन टायगर लांबूनच डोळ्यांत भरतं. तेच सागाच्या भरगच्च पानांखाली, ओढ्याच्या घळीत उतरलात की डोळे सरावायला क्षणभर लागतो, आणि तिथे बसलेलं कॉमन क्रो हललं तरच दिसतं. पंखांच्या कडेचे पांढरे ठिपके तेवढे उघडमीट करतात. त्या अंधाऱ्या जागेत पांढरा ठिपकाच काय तो बोलतो.

आता पक्षी. वेडा राघू तारेवर किंवा उघड्या फांदीवर बसतो, हवेतला कीटक झेपावून टिपतो आणि परत त्याच जागी येऊन आपटून खातो. त्याचं राज्य उघड्यावर. कोतवालही मोकळ्यातला, पण झाडांच्या कडेनं. स्वर्गीय नर्तकाला ओलसर, सावलीची झाडी लागते. प्रत्येकाची शिकण्याची शाळा वेगळी भरते. सावलीतल्या पक्ष्यानं जे वेश अनुभवले ते त्याच्या लक्षात राहिले. उघड्यावरच्या वेड्या राघूला त्यांची ओळखही नसेल.

हीच कल्पना इक्वाडोरमधल्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलात तपासली गेली, आणि तो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे क्लिअरविंग नावाची कडू फुलपाखरं आहेत. काहींचे पंख काचेसारखे पारदर्शक, काही वाघासारखी केशरी-काळी-पिवळी. संशोधकांनी क्लिअरविंग आणि त्यांच्यासारखाच वेश असलेली अशी ६४ जातींची फुलपाखरं किती उंचीवर, जंगलाच्या कोणत्या चढ-उतारावर उडतात ते मोजलं. त्याच जंगलातल्या कीटक खाणाऱ्या १२७ जातींच्या पक्ष्यांचीही तशीच नोंद केली. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवल्यावर दिसलं की संख्येनं सर्वांत मोठ्या दोन मेळ्यांशी बहुतेक पक्ष्यांची गाठ सारखी पडत नाही. कुणाला एक मेळा जास्त भेटतो, कुणाला दुसरा. या दोन मेळ्यांतल्या बहुसंख्य जातींचा वेशही नेमका तोच होता, जो त्यांच्या राहत्या थरातल्या पक्ष्यांपुढे सर्वांत जास्त कामाला येईल. मग त्यांनी मेलेली फुलपाखरं दोन वेगवेगळ्या जागी मांडून ठेवली. तोच वेश एका जागी कमी टोचला गेला, दुसऱ्या जागी जास्त.

म्हणजे म्यूलरचं गणित चुकीचं नव्हतं. फक्त ‘शिवार’ या शब्दाचा अर्थ आपण फार मोठा धरला होता. प्रत्येक थर हे एक वेगळं शिवार आहे, तिथली पक्ष्यांची शाळा वेगळी, म्हणून तिथला गणवेशही वेगळा. दुसऱ्या थरातून चुकून आलेलं, वेगळ्या वेशाचं कडू फुलपाखरू इथल्या पक्ष्यांना अनोळखी वाटतं आणि चोच खातं. मेळे एकमेकांत मिसळत नाहीत ते यामुळे.

फुलपाखरू एखाद्या थरात राहतं कशासाठी? याचं एक उत्तर १९९७च्या एका अभ्यासात आहे. क्लिअरविंगच्या अळीचं खाद्यझाड जितक्या उंचीचं, साधारण त्या उंचीवर ते फुलपाखरू उडतं. मादीला अंडी तिथेच घालायची असतात. आपल्या बांधावर हेच दिसतं. रुई उघड्यावर, उन्हात, म्हणून बिबळ्या कडवा उन्हाचा. घोळही उघड्या वावरातली, म्हणून तिच्यावर वाढणाऱ्या तोतयाला उन्हातल्या मेळ्याचाच वेश उपयोगी. घोळ घनदाट जंगलात वाढणारी असती, तर तिथे तिच्यावर वाढणाऱ्या तोतया मादीला केशरी पंखांचा फारसा फायदा झाला नसता.

भक्षक मात्र फक्त पक्षी नसतात, आणि सगळ्या भक्षकांना सगळं विष लागू पडत नाही. मोनार्क लाखोंनी मेक्सिकोतल्या डोंगरांवर थंडी काढायला जमतं. तिथे काळ्या डोक्याचा ग्रोसबीक आणि काळ्या पाठीचा ओरिओल हे दोन पक्षी त्यांना सर्रास खातात. एकाला ते विष बरंचसं पचतं, दुसरा विषारी भाग टाळून आतला गर तेवढा काढतो. दक्षिण अमेरिकेतला सोनेरी जाळं विणणारा मोठा कोळी मात्र जाळ्यात अडकलेलं क्लिअरविंग चाखतो आणि स्वतःच धागे कापून त्याला सोडून देतो. त्याला पंखांचे रंग दिसोत न दिसोत, चव कळते. रंगाचा इशारा लक्षात ठेवणाऱ्यासाठी असतो, आणि लक्षात ठेवण्यात पक्षी पटाईत.

ऋतूही भक्षक बदलतो. सातपुड्यात संध्याकाळी घरापाशी भिरभिरणारं कॉमन इव्हनिंग ब्राऊन पावसाळ्यात पंखांवर ठळक डोळे घेऊन फिरतं. कोरड्या ऋतूत साग पानं टाकतो, सगळं रान वाळकं होतं, आणि याच फुलपाखराची पुढची पिढी डोळे जवळजवळ पुसून, वाळक्या पानाच्या रंगात जन्मते. ही कडूपणाची नक्कल नाही, लपणं आहे. पण नियम तोच: राहण्याची जागा बदलली की वेश बदलला.

म्हणूनच बांध साफ करताना मला वाईट वाटतं. तणनाशक मारलं की रुई, घोळ, किडामार एकदमच जातात. रुई गेली की कडवा विरळ होतो, आणि नव्या वेड्या राघूंना धडा शिकवणारा कुणी उरत नाही. मग घोळीवर वाढलेल्या तोतयाचा केशरी वेश त्याला वाचवत नाही, उलट दुरून दाखवून देतो. फक्त घोळ ठेवून रुई काढली तरी हेच होईल. हा धागा सुटा सुटा जपता येत नाही. बांधाच्या एका कोपऱ्यात दोन झुडपं रुईची राहू दिली तर पिकाचं काही बिघडत नाही.

पुढच्या वेळी बांधावर केशरी फुलपाखरू दिसलं की मागचे पंख नीट पाहा. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, तोतया मादीला एकच, तोही वरच्या कडेजवळ. ती उडत राहिली आणि ठिपके मोजता आले नाहीत, तर थोडा वेळ तिच्या मागे राहा. अंडी घालायची वेळ झाली की रुईच्या पानाखाली पोट वळवते तो बिबळ्या कडवा. रुईवरून तशीच पुढे जाऊन, खाली घोळीच्या लालसर देठांत उतरते ती दुसरी.